दगडाबाईच्या घरचा केर

मला गावात चोंबडी म्हणतात. म्हणू द्या. पिठाची गिरणी चालवायची अन् चौकशा करायच्या न्हाईत, हे कसं जमंल? दळण पडंस्तोवर बाया उभ्या असतात, चक्कीच्या आवाजात वरडून बोलावं लागतं, मंग कुणाचं काय लपून राहतंय? आष्टीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कुणाच्या घरी पाव्हणे येणार हायेत ते शेजाऱ्याच्या आधी मला कळतं, कारण गहू जादा येतो. पर एका बाईचं एक कोडं मला लई वर्सं सुटलं न्हाई. ती म्हणजे आमच्या गिरणीच्या समोरची दगडाबाई.

साठीच्या पुढची बाई, काटक, बोलायला कमी. तिच्या आधीची दोन लेकरं जगली न्हाईत, म्हणून आईबापानं हिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कुणाची नजर लागती का? हे ती सवताच हसून सांगायची. माहेर पाटोद्याकडचं. लग्न होऊन आमच्या गावात आली अन् दुसऱ्याच साली नवऱ्यासंगं कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेली. दिवाळी झाली की ट्रकात संसार भरायचा, उन्हाळा लागला की परत यायचं, ह्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना बाई कशी सरळ चालायची, हे तिच्या टोळीतली माणसं अजून सांगतात. नवरा धुळाजी आता न्हाई. पोरगा प्रविण पुण्याकडं कंपनीत हाय. बाई एकटी राहती, पर घर कसं, तर आरशावाणी. भांडी घासून उन्हात पालथी, अंगण सारवलेलं, चुलीपाशी राखेचा कण सापडायचा न्हाई.

अन् अशा बाईच्या घरात मधीच एखाद्या दिवशी उंबऱ्यापाशी शेंगांची टरफलं, ज्वारीचा भुसा, सगळं जसंच्या तसं पडलेलं दिसायचं. बाई त्या केराकडं तोंड करून बसलेली. फडा मांडीवर, पर हात हलत न्हाई. फडा म्हणजे आमच्याकडचा शिंदीचा झाडू.

आधी मला वाटलं तब्येत बरी नसंल. मंग ध्यानात आलं का हे सारखं सारखं होतंय, अन् घरातलं कुणी गावाला गेलं की होतंय.

आता कुणी गावाला निघालं की मागं लगेच झाडू नये, हे आमी सगळ्याच बाया पाळतो. कावून, तर मढं उचललं की मागं घर झाडतात. जित्या माणसाच्या मागं तसं करायचं न्हाई. पर माणूस वेशीच्या भायेर गेला, गाडी हलली, की झालं. मंग फडा घ्यायचा अन् कामाला लागायचं. दगडाबाईचं तेवढ्यावर भागायचं न्हाई. माणूस पोचला पायजे, पोचल्याचं तिच्या कानावर आलं पायजे, तवा केर निघणार. एकदा प्रविणची एसटी घाटात बंद पडली अन् त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं. त्याच दिवशी नेमकं बाईच्या घरी हळदीकुंकवाला बाया आल्या. सगळ्या नव्या साड्या नेसून टरफलावर बसल्या, पर हिनं फडा उचलला न्हाई. धुळाजी असताना म्हणायचा, "वनमाला, आमच्या घरात मी मेल्यावरच येळेवर झाडू निघंल बघ. मंग कुठं पोचलो म्हणून सांगायचं काम न्हाई."

अन् तसंच झालं. धुळाजी गेला, माणसं त्याला घेऊन निघाली, अन् बाईनं कुणाला हात लावू न देता सगळं घर सवता झाडलं. डोळ्यात पाणी न्हाई. मी दारात उभी राहून बघत होते. मला तवा रडू बी आलं अन् भीती बी वाटली.

मी काय इचारलं न्हाई असं न्हाई. "आक्का, तुमचंच एवढं कावून वो?" असं कैकदा म्हणलं. ती म्हणायची, "तुझं दळण बघ, जळंल." आता पीठ कुठं जळतंय का? पर ती पुढं बोलायची न्हाई अन् मी बी हात टेकायची.

मंग मागचा मे महिना आला. सीमेवर पेटलं तो.

दगडाबाईच्या घराला लागून रामेश्वरचं घर. रामेश्वर मिलटरीत. सुट्टीवर आलता, घरावर नवे पत्रे टाकायचं काम काढलं होतं. बायको तेजश्री, अन् पोरगी शिवकन्या, तिसरीतून चौथीत जाणारी. पोरगी म्हणजे माझीच दुसरी आवृत्ती. दळण घेऊन आली की प्रश्नच प्रश्न. पट्टा निसटला तर कुठं जाईल? गव्हातला किडा पिठात गेला तर चपातीत तो कोणत्या बाजूला असंल? मला ती लई आवडती, खोटं कशाला बोलू.

पत्रे अर्धे बसले होते अन् रामेश्वरला बोलावणं आलं, ताबडतोब हजर व्हा. सकाळीच निघाला. तेजश्रीनं अंगणात नुकताच सडा टाकलेला, त्यावर त्याचे बूट उमटत गेले. हातावर दही घेतलं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, अन् गावातल्या बिभीषणच्या जीपमधी बसला. बिभीषण त्याला नगरच्या स्टेशनावर सोडणार होता. आमी सगळे रस्त्यावर उभे. जीप वळली न वळली तोच तेजश्री डोळे पुसत घरात गेली. माणसाचं दुख आलं की बाईमाणूस काम हुडकतं, दुसरं काय? तिनं फडा घेतला.

अन् दगडाबाई अशी धावली म्हणता! ह्या वयात! मोळी टाकून धावावं तशी. तेजश्रीच्या हातातला फडा हिसकला अन् वरडली, "ठेव! ठेव आधी! कळत न्हाई का तुला?"

तेजश्री घाबरलीच. पोरगी दारात उभी होती. तिनं ते बघितलं अन् तिच्या सवयीनं इचारलं, "झाडलं तर काय होतं, दगडाआजी?"

दगडाबाई वळली. फडा बगलेत धरून आपल्या घरी निघून गेली. चूक झाली ती तिथं झाली, असं मला आता वाटतं. लेकराला उत्तर दिलं न्हाई की ते आपलं आपून तयार करतं, अन् ते आपल्या उत्तरापेक्षा लई भ्यानक असतं.

रामेश्वरचा दिल्लीहून एक फोन आला, गाडी बदलतोय म्हणून. मंग फोन बंद. त्यांना बंदच ठेवायला सांगतात म्हणे. इकडं घराघरात टीव्ही चालू. ती टीव्हीवरची माणसं बंद खोलीत बसून भोंगा वाजवत होती, जसं काय त्यांच्याच टाळूवर काय पडतंय. आमच्या गिरणीपुढं पोरं मक्याची कणसं हातात धरून ड्रोन ड्रोन खेळायला लागली. एकजण मेला म्हणून पडायचा अन् लगेच उठून म्हणायचा, "आता मी दुसऱ्या बाजूनं." मी दोघातिघांचे कान पिळले.

शिवकन्या त्यात नव्हती. ती दिसंनाच. म्हणून मी चौकशीला गेले. मला काय निमित्त लागतं का?

बघते तर घरात पाय ठेवायला जागा न्हाई. कांद्याची फोलपटं, पत्र्याच्या कामाचा चुरा, खाऊचे कागद, सगळं तसंच. अंगणात कोंबड्यांवर झाकायचं डालगं पालथं घातलेलं, अन् कोंबड्या मोकळ्या. मी ते उचलायला वाकले तर पोरगी किंचाळली. डालग्याखाली तिच्या बापाच्या बुटाचा एक ठसा होता. सड्याच्या ओल्या मातीत उमटलेला, आता वाळून कडक झालेला. तो मोडू नये म्हणून तिनं झाकून ठेवला होता.

तेजश्री हळूच म्हणली, "ताई, काय करू वो? झाडू दिना झालीय. मी दुसरा फडा उचलला की पायाला मिठी मारती. जेवत न्हाई, उंबरा सोडत न्हाई. माझाच जीव थाऱ्यावर न्हाई, तिला काय समजावू?"

मी पोरीजवळ बसले. म्हणलं, "शिवे, लई शानी तू. मला सांग, झाडलं तर काय होईल?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी पहिलीतली हाय. "पप्पा मरतील."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मला कळलं." मंग जरा इचार करून म्हणली, "काकू, पल्याडच्या शिपायांच्या घरी बी पोरी झाडू देत न्हाईत का? त्यांनी बी न्हाई झाडलं, अन् आमी बी न्हाई झाडलं, तर मंग लढाईत कोण मरणार?"

  दळणाला आलेल्या साऱ्या गावाला गप करणारी मी, ह्या चिमुरडीपुढं हरले.

तशीच उठले अन् दगडाबाईच्या दारात गेले. लई तणतणले. "आक्का, तुमी घातलंय हे त्या पोरीच्या डोक्यात. आता तुमीच काढा. तुमचं काय असंल ते तुमच्यापाशी, मला आता ऐकायचं बी न्हाई." खोटंच बोलले, ऐकायचं तर होतंच. बाई भिंतीला टेकून बसलेली. तिच्या घरात बी केर तसाच होता. रामेश्वर पोचल्याचं कळलं नव्हतं ना, म्हणून शेजारणीनं बी झाडलं नव्हतं.

"फोन येईल," एवढंच ती म्हणली.

"अन् न आला तर?"

 मी निघून आले. दुपारभर गिरणी चालवली, पर ध्यान सगळं त्या दोन घरांकडं.

दिवस कलायला लागला अन् वावटळ उठली. मे महिन्यात उठती तशीच, गोल गोल, धुराळा अन् पाचोळा घेऊन. रस्त्यानं आली अन् सरळ रामेश्वरच्या अंगणात शिरली. डालगं उडालं, लोळत पार माझ्या गिरणीच्या पायरीला येऊन लागलं. घरातले कागद, फोलपटं सगळी उंबऱ्यावरून भायेर. अन् ती पोरगी! ती उंबऱ्यावर आडवी पडली. दोन्ही हात पसरून, केर आत ढकलायला. तोंडात माती, डोळ्यात माती, अन् वरडतीय, "मी न्हाई झाडलं! मी न्हाई झाडलं! वाऱ्यानं झाडलं!" कुणाला सांगत होती कोण जाणे.

मी पट्टा बंद न करताच धावले. पर माझ्या आधी दगडाबाई पोचली होती. तिनं पोरीला उचलून उराशी धरलं. पोरगी तेच एक वाक्य बोलतीय. वावटळ निघून गेली होती. दगडाबाई खाली बसली, मातीतच, अन् बोलायला लागली. आमी दोघी, मी अन् तेजश्री, उभ्या हाओत ह्याचं तिला भान नव्हतं.

"शिवे, माझं ऐक. माझा बा बी मिलटरीत होता. मी तुझ्यापेक्षा बारकी होते. बा सुट्टीवर आलता. एका सकाळी त्याला निघावं लागलं. आई मंजुळाबाई, ती वाकळंत तोंड घालून रडत होती. मला वाटलं आपण मोठ्या बाईवाणी काम करावं, म्हणजे आईला बरं वाटंल. मी सगळं घर झाडलं. अंगण झाडलं. त्याची पावलं होती, ती बी झाडली. आजी परसातून आली, केराचा ढीग बघितला, अन् कपाळावर हात मारून म्हणली, अगं, बाप अजून वेशीत असंल, अन् तू झाडलंस?"

पोरगी रडायची थांबली. "मंग?"

"मंग लढाई झाली. अन् तार आली."

"मेले?"

"व्हय."

तेजश्रीनं तोंडावर पदर घेतला. माझ्या मनात आलं, म्हातारीनं हे काय केलं! पोरीला भेवडायचंच नव्हतं तर हे सांगायचं कशाला? पर दगडाबाईचं संपलं नव्हतं.

"मला कुणी बोललं न्हाई, का तुझ्यामुळं झालं. आजी न्हाई, आई न्हाई. पर असं बी कुणी म्हणलं न्हाई, का बाळे, तुझ्यामुळं न्हाई झालं. सगळी रडत होती, मला कोण जवळ घेतंय? मी कोपऱ्यात बसून एकटीच ठरवलं. अन् मंग म्हातारी झाले, तरी तेच ठरवलेलं. तुला तसं बसू देणार न्हाई मी."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली. आपल्या घरात गेली अन् त्या दिवशी हिसकलेला फडा घेऊन आली. पोरगी तिच्या लुगड्याला लटकली, "नको आजी, नको, फोन येऊ दे."

"फोन आल्यावर झाडलं तर तुला आयुष्यभर वाटंल का न झाडल्यानं फोन आला. आताच झाडते. तू बघ नुसतं. तू हात लावायचा न्हाई, झाडणारी मी हाय."

अन् बाईनं झाडायला सुरुवात केली. आतल्या खोलीपासून.  उद्या काय वंगाळ कळलं तर? ह्या पोरीचं काय, अन् ह्या म्हातारीचं काय? मी आतून म्हणत होते, आक्का थांबा, एक दिवस थांबा. अन् एक सांगते. दगडाबाईचा तरी इश्वास कुठं होता?  फडा जमिनीवर टेकला की दर वेळी डोळे मिटत होती. फड्यानं कुणाचा जीव जात न्हाई हे ती पोरीला दाखवत होती, पर तिला सवताला ते अजून पटलं नव्हतं. तरी झाडत होती. मी कारखान्यावरनं हात तुटून आलेली माणसं बघितलीत, पर एवढं धाडस मी कुणाचं बघितलं न्हाई.

घर झालं, अंगण झालं. शेवटी तो बुटाचा ठसा राहिला. वावटळीनं कडा ढासळल्या होत्या, तरी टाच ओळखू येत होती. शिवकन्या त्याच्या शेजारी उकिडवी बसली. म्हणली, "हे बी?"

"हे बी. तुझा बाप ह्याच्यात न्हाई, पोरी. तो तिकडं हाय."

फडा दोनदा फिरला अन् अंगण सारखं झालं. दगडाबाईनं केर सुपात भरला, उकिरड्यावर टाकून आली, हातपाय धुतले. मंग पोरीला मांडीवर घेऊन भाकरी कुस्करून भरवली. ती जेवली. जेवता जेवता झोपली.

फोन दुसऱ्या दिवशी आला, न्याहारीच्या टायमाला. तेजश्री नुसतीच रडत होती, म्हणून फोन पोरीनं घेतला. रामेश्वर म्हणला, बरा हाय, जास्त बोलता येत न्हाई. पोरगी वरडली, "पप्पा, दगडाआजीनं सगळं घर झाडलं, तुमचा बूट बी झाडला!" त्याला काय कळणार? तो हसला म्हणे. सगळी आळी हसली. मी गिरणीतून पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पुढं दोन्हीकडून बंदुका थांबल्या म्हणून टीव्हीवर आलं, अन् पोरं कणसं टाकून क्रिकेट खेळायला लागली.

शिवकन्या आता परत दळण घेऊन येती. प्रश्न इचारून डोकं खाती. एक दिवस तर सवताच घर झाडताना दिसली, अन् मी उगंच देवाला हात जोडले.

मला वाटलं, झालं. माझं बी कोडं सुटलं, आता दगडाबाईत इचारण्यासारखं काय राहिलं न्हाई.

पर एका दुपारी बाई ज्वारीची पाटी घेऊन आली. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. मी दळण टाकलं. ती नेहमी कडंला बसती, पर त्या दिवशी चक्कीपाशी येऊन उभी राहिली अन् काहीतरी बोलली. मला ऐकू आलं न्हाई. मी बटण बंद केलं. एकदम सगळं शांत.

"वनमाले, तू लई चौकशा करतीस ना?" ती म्हणली. "मंग मला एक सांग. मी झाडलं म्हणून न्हाई, तर माझा बा कशानं मेला गं?"

मी म्हणलं, "आक्का, लढाईत मेले ते."

"ते मला ठावं हाय. पर लढाई कशाची होती? तो तिथं कावून गेलता? कुणी ठरवलं का त्यानंच जायचं?" तिचा आवाज लहान पोरीवाणी झाला होता. "मला आजवर हे इचारायचं सुचलंच न्हाई बघ. मला वाटायचं, मला माहीत हाय."

 शाळेत शिकलेलं थोडं आठवत होतं. कोणता देश, कोणतं साल, कोण जिंकलं. त्यातलं काहीच तिला सांगण्यासारखं वाटंना. माझ्या डोळ्याला पाणी आलं अन् मी पदरानं पीठ पुसल्यासारखं केलं.

"तुला ठावं नसंल तर कुणाला तरी इचार अन् मला सांग," दगडाबाई म्हणली. "मला काय घाई न्हाई."

अन् ती जाऊन नेहमीच्या जागी कडंला बसली, माझ्याकडं बघत. मी परत चक्की चालू केली.